सीपीआरची परीक्षा : हातांची चोख, कागदाची अपुरी

आमच्या नाशिकच्या शाळेने गेल्या महिन्यात शिक्षक, शिपाई, बसचालक आणि बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशी अशा २४ जणांसाठी सीपीआर (हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देणे आणि त्याला श्वास देणे) आणि एईडी (हृदयाची लय तपासून गरज असेल तर विजेचा झटका देणारे) यंत्राच्या वापराचे एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले होते. प्रशिक्षण देणारी संस्था खासगी आहे, शुल्क माणशी १४०० रुपये होते आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात शिकवणे, सराव, हातांची परीक्षा आणि शेवटी लेखी परीक्षा असा कार्यक्रम होता. मी गेली बावीस वर्षे विज्ञान शिकवते आणि प्रश्नपत्रिका काढणे व तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या दिवसाबद्दल लिहिताना माझे लक्ष साहजिकच परीक्षेकडे अधिक गेले आहे. माझे मत आधीच सांगते : शिकवणे उत्तम होते, हातांची परीक्षा मी आजवर पाहिलेल्या सर्वांत प्रामाणिक परीक्षांपैकी एक होती, आणि लेखी परीक्षा मात्र अशी होती की ती घेणाऱ्यांनी पुन्हा एकदा बसून मुळापासून विचार करावा.

सकाळचा पहिला तास हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांतला फरक समजावण्यात गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छाती आवळल्यासारखी वाटते असे सांगतो. हृदय बंद पडते तेव्हा तो काहीच सांगत नाही, कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही. या दुसऱ्या अवस्थेत कोणीच छातीवर दाब दिला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. प्रशिक्षक मॅडमनी यानंतर जो मुद्दा घेतला तो मला सर्वांत मोलाचा वाटला. कोसळलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत अधूनमधून आचके देतो, तोंड उघडून हवा ओढल्यासारखे करतो, घशात घरघर होते, आणि भोवतालचे लोक ‘श्वास चालू आहे, थांबा’ म्हणून हात बांधून उभे राहतात. आचके म्हणजे श्वास नव्हे, हे वाक्य त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणून घेतले आणि मोबाइलवर एक चित्रफीत दाखवून दर आचक्याला ‘हा श्वास आहे का?’ असे विचारले. एखादी संकल्पना पक्की करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

सरावासाठी प्रौढांचे सहा, मुलांचे दोन आणि तान्ह्या बाळांचे तीन पुतळे होते. प्रौढांच्या पुतळ्यांच्या खांद्यापाशी छोटे दिवे असतात. दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० या पट्ट्यात आली की दोन हिरवे दिवे लागतात, मंदावली की पिवळा किंवा लाल. खोली ५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचली की छातीच्या आतून ‘टक्’ असा आवाज येतो. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि ६ च्या पुढे नको, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हाताचा भार तिच्यावर ठेवून रेलायचे नाही, आणि कोणत्याही कारणाने दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही, एवढ्या चार गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात. दुसऱ्या मिनिटाला मनगटे भरून येतात, कोपरे आपोआप वाकू लागतात आणि तो ‘टक्’ आवाज बंद होतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदला असे का सांगतात, ते तेव्हा अंगाने कळते.

इथे एक बारीकशी पण फार कामाची गोष्ट सांगितली पाहिजे. तीस दाब १५ ते १८ सेकंदांत पूर्ण व्हायला हवेत, म्हणजे एका आकड्याच्या वाट्याला सुमारे अर्धा सेकंद येतो. आम्ही मोठ्याने मराठीत मोजू लागलो तेव्हा दहापर्यंत सगळे सुरळीत होते, पण ‘एकोणीस’, ‘सत्तावीस’, ‘अठ्ठावीस’, ‘एकोणतीस’ या आकड्यांपाशी प्रत्येकाची लय अडखळत होती, कारण शब्द लांब आणि वेळ कमी. दिवे हिरव्याचे पिवळे व्हायचे ते नेमके तिथेच. प्रशिक्षक मॅडमनी हे टिपले आणि एक ते दहा असे तीनदा मोजायला सांगितले. दिवे पुन्हा हिरवे झाले. पुस्तकात हे कुठे नसेल, पण मराठीतून शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वहीत लिहून ठेवावे असे मला वाटते.

हातांची परीक्षा एकेकाची घेतली. खोलीबाहेर बोलावून एक प्रसंग सांगायचे आणि आत पाठवायचे : ‘स्टाफरूममध्ये पन्नाशीचे सर खुर्चीवरून खाली पडले आहेत.’ आपण आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचे, खांद्यावर थोपटून हाक मारायची, कोणाकडे तरी बोट दाखवून ‘तुम्ही १०८ ला फोन लावा, तुम्ही एईडी आणा’ असे नेमके सांगायचे, श्वास पाहायचा आणि दाब सुरू करायचे. ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हटले की गुण जात होते, आणि ते योग्यच आहे, कारण ‘कोणीतरी’ हा माणूस गर्दीत कधीच सापडत नाही. दाबांच्या दोन फेऱ्या झाल्या की सरावाचे एईडी यंत्र हातात देत.

एईडीबद्दल माझ्या मनात भीती होती. ती या परीक्षेने घालवली. यंत्र उघडून आधी सुरू करायचे, मग ते स्वतःच बोलते. एक पॅड (झटका पोहोचवणारी, अंगाला चिकटणारी पट्टी) उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या कुशीवर, काखेच्या थोडा खाली, आणि दोन्ही उघड्या, कोरड्या त्वचेवर. छाती ओली असेल तर पुसून घ्यायची, माणूस पाण्याच्या थारोळ्यात असेल तर आधी बाजूला ओढायचे, छातीवर औषधाची चिकटपट्टी असेल तर काढायची, पेसमेकरचा (हृदयाची लय राखण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या यंत्राचा) उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर न लावता बाजूला लावायचा. स्त्री असेल तर मंगळसूत्र पॅडखाली येऊ न देता सारायचे, आणि ब्लाउज कापावा लागला तर कापायचा, त्यासाठी यंत्रासोबत कात्री असते. हे सांगताना सभागृहात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. आमच्यातल्या दोन चालक काकांनी खाली पाहिले. मॅडमनी आवाज न चढवता विचारले, ‘तुमची बहीण पडली असेल आणि लोक संकोचाने थांबले असतील तर तुम्हाला चालेल का?’ त्यानंतरच्या परीक्षेत दोघांनीही हात आखडला नाही.

माझी स्वतःची चूक इथे लिहिते, कारण ती बहुतेकांकडून झाली. यंत्राने झटका द्यायला सांगितला, मी ‘सगळे दूर व्हा’ म्हणून खात्री केली, बटण दाबले, आणि मग पुतळ्याच्या तोंडाशी कान नेऊन श्वास आला का ते पाहत राहिले. माझ्या हातून त्यात अकरा सेकंद गेले, असे परीक्षकांच्या घड्याळाने दाखवले. झटक्याने हृदयाची थरथर थांबली तरी त्याला पुन्हा रक्त ढकलण्याइतके बळ लगेच येत नाही, म्हणून बटण दाबल्याबरोबर हात पुन्हा छातीवर गेले पाहिजेत; श्वास, हालचाल याची वाट पाहायची नाही, यंत्र दोन मिनिटांनी आपणहून पुन्हा तपासते. मला नापास करून, कारण सांगून, अर्ध्या तासाने पुन्हा बोलावले. गुण कापून पुढे ढकलण्यापेक्षा चूक दुरुस्त होईपर्यंत परत परत करून घेणे, ही पद्धत मला मनापासून पटली.

मुलांचा भाग जेवणानंतर घेतला आणि त्याला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली, ही या प्रशिक्षणाची पहिली मोठी उणीव आहे. आम्ही शाळेतली माणसे. आमच्यापुढे कोसळण्याची शक्यता आहे ती मुलांची. प्रौढांत अनेकदा हृदय आधी बंद पडते, तर मुलांत बहुधा श्वास आधी अडतो, घशात काही अडकून, पाण्यात बुडून किंवा दम्यासारख्या आजारात, आणि हृदय त्यामागोमाग थांबते. म्हणूनच मुलांना नुसते दाब पुरत नाहीत, श्वासही द्यावे लागतात. आपल्याकडे इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सर्वसामान्य माणसासाठी फक्त छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत पुरस्कारली, आणि रस्त्यावर कोसळलेल्या अनोळखी प्रौढासाठी ती फार उपयोगी आहे, परंतु शाळेतल्या माणसांनी तेवढ्यावर थांबू नये, हे मॅडमनी स्पष्ट सांगितले. तीस दाब आणि दोन श्वास, प्रत्येक श्वास एक सेकंदाचा, छाती हलकेच वर येईल इतकाच. मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर दाबायची आणि मूल लहान असेल तर एका हाताने. तान्ह्या बाळाची सुमारे ४ सेंटिमीटर. हा आकडा ऐकून आमच्या बालवाडीच्या बाईंनी ‘एवढं?’ असे उद्गार काढले, आणि खरोखरच बाळाच्या पुतळ्यावर पहिल्यांदा हात ठेवताना कोणीही पुरेसा दाब देत नव्हते. हा संकोच मोडायलाच सराव लागतो, आणि तीन पुतळ्यांवर २४ माणसे चाळीस मिनिटांत तो मोडू शकत नाहीत.

आता लेखी परीक्षेकडे येते. २५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उत्तीर्ण होण्यासाठी २१ बरोबर. काही प्रश्न चांगले होते आणि त्यांतला एक तर मी स्वतः काढला असता तर मला समाधान वाटले असते : दहा वर्षांच्या मुलाला एईडी लावायचे आहे, कोणते पॅड वापराल? दाब देण्याच्या दृष्टीने वर्षाच्या पुढचे मूल वयात येईपर्यंत ‘मूल’च धरले जाते, पण लहान मुलांचे पॅड आठ वर्षांच्या आतल्या किंवा २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी असतात, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे पॅड. आमच्या तिसरीच्या वर्गात या सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे मूल एकाच बाकावर बसलेले असते, तेव्हा हा प्रश्न आमच्यासाठीच काढल्यासारखा होता. त्याला जोडून दुसराही होता : लहानांचे पॅड नसतील तर काय? मोठ्यांचे लावायचे, छाती लहान असल्याने एकमेकांना चिकटत असतील तर एक पुढे आणि एक पाठीवर. उलट, मोठ्या माणसाला लहानांचे पॅड लावून उपयोग नाही, त्यांतून पुरेसा झटका पोहोचत नाही. दोन प्रश्नांत विचार करायला लावण्याची ताकद होती.

पण पुढचे सहा-सात प्रश्न वाचताना लक्षात आले की ही प्रश्नपत्रिका मुळात रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी काढलेली आहे आणि तीच आमच्यापुढे ठेवली आहे. नाडी आहे पण श्वास नाही अशा प्रौढाला किती सेकंदांनी एक श्वास द्यावा, दोन प्रशिक्षित माणसे असताना बाळासाठी दाब आणि श्वास यांचे प्रमाण काय, बाळाची नाडी दंडावर कुठे पाहावी, हे प्रश्न आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत, परंतु सकाळपासून आम्हाला शिकवले ते हे की सर्वसामान्य माणसाने नाडी शोधत वेळ घालवू नये. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही, की दाब सुरू. शिकवायचे एक आणि विचारायचे दुसरे, याला आमच्या शिक्षकी भाषेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न म्हणतात, आणि विद्यार्थ्याने त्यावर हरकत घेतली तर आम्ही गुण देतो.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एका प्रश्नाचे अपेक्षित उत्तर जुने होते. तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब द्यावा, हा पर्याय बरोबर धरला होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन बोटांची पद्धत काढून टाकली आहे, कारण तिने पुरेशी खोली गाठली जात नाही. आता एका तळहाताच्या मुळाने, किंवा दोन्ही हातांनी बाळाची छाती वेढून अंगठ्यांनी दाब द्यायचा आहे. मॅडमनी दुपारी आम्हाला नवी पद्धतच शिकवली होती. म्हणजे ज्यांनी लक्ष देऊन ऐकले त्यांचा गुण गेला आणि ज्यांनी जुनी पुस्तिका वाचली होती त्यांना मिळाला. मी हे दाखवून दिल्यावर त्यांनी तो प्रश्न तिथल्या तिथे रद्द केला, याबद्दल त्यांचे आभार मानते. पण प्रश्नपत्रिका वर्गात येण्याआधी कोणीतरी ती वाचायला हवी होती.

आणि जे विचारायला हवे होते ते विचारले नाही. बुडालेल्या मुलावर एकही प्रश्न नव्हता. आमची मुले दर उन्हाळ्यात तरणतलावावर जातात, शहरातून गोदावरी वाहते, आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावर प्रशिक्षित माणसाने सुरुवात श्वासांनी करायची असते, हे प्रौढाच्या नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळे आहे. नाशिकमध्ये घेतलेल्या परीक्षेत हा प्रश्न नसावा, याची मला खंत वाटते.

सर्वांत मोठी तक्रार भाषेची आहे. शिकवणे मराठीत झाले, हातांची परीक्षा मराठीत झाली, आणि लेखी परीक्षा फक्त इंग्रजीत. आमच्या बसमधल्या एक मावशी, ज्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, त्यांनी प्रौढांच्या पुतळ्यावर पूर्ण दोन मिनिटे दोन्ही हिरवे दिवे विझू दिले नव्हते. संपूर्ण गटात असे तिघांनाच जमले होते. पदर खोचून, कोपरे ताठ ठेवून, एक ते दहाची तीन आवर्तने करत त्यांनी दाब दिले तेव्हा बाकीच्यांनी आपले काम थांबवून पाहिले. त्याच मावशी दुपारी प्रश्नपत्रिका हातात घेऊन वीस मिनिटे नुसत्या बसून राहिल्या आणि कोरा कागद देऊन बाहेर गेल्या. मी पर्यवेक्षकांना विचारले तेव्हा ‘प्रश्नपत्रिका ठरलेली असते’ असे उत्तर मिळाले. एकूण नऊ जण या कारणाने अनुत्तीर्ण झाले, आणि ते सगळे चालक, शिपाई आणि मावशी होते, म्हणजे बसमध्ये मूल कोसळले तर ज्यांच्याशिवाय तिथे दुसरे कोणीही नसते अशी माणसे. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी बाहेरून छातीवर दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी लिहिले होते की हे आता कोणीही, कुठेही सुरू करू शकतो, त्यासाठी लागतात ते फक्त दोन हात. त्या दोन हातांना इंग्रजी येते का, हे तपासण्याचे काम या परीक्षेचे नाही.

आम्ही मुख्याध्यापकांमार्फत लेखी पत्र दिले. संस्थेने ते मनावर घेतले, ही नोंद केली पाहिजे. दोन शनिवारांनी प्रशिक्षक मॅडम स्वतः शाळेत आल्या आणि त्या नऊ जणांची तोंडी परीक्षा मराठीत घेतली. मी बाजूला बसले होते. मावशींना विचारले, ‘बाळ निपचित पडलंय, कसं झालं ते कोणी पाहिलं नाही, तुम्ही एकट्याच आहात आणि मोबाइल नाही. काय कराल?’ त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, ‘आधी दोन मिनिटं दाब आणि श्वास, मग बाळाला उचलून हाका मारत पळायचं, थांबून राहायचं नाही.’ उत्तर अगदी बरोबर होते. इंग्रजी प्रश्नपत्रिकेतला अकरावा प्रश्न नेमका हाच होता. एका चालक काकांनी, गाडी चालवताना रस्त्यावर कोणाला मदत केली आणि वाईट झाले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल का, असे विचारले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४-अ हे कलम अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, हे मॅडमनी समजावून सांगितले. नऊही जण उत्तीर्ण झाले.

प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी असते. हाताची सवय मात्र काही महिन्यांतच जाते, म्हणून दर सत्रात एकदा संस्थेकडून दोन पुतळे भाड्याने आणून सराव करायचे आम्ही ठरवले आहे. इतर शाळांना हे प्रशिक्षण घ्यावे की नाही असे विचारले तर माझे उत्तर निःसंशय ‘घ्यावे’ असे आहे, पण नोंदणी करण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : मुलांच्या आणि बाळांच्या सरावाला निदान दोन तास मिळतील, सहा माणसांमागे बाळाचा एक तरी पुतळा असेल, प्रश्नपत्रिका नव्या सूचनांप्रमाणे आणि सर्वसामान्यांसाठी असेल, आणि ज्यांना हवी त्यांची परीक्षा मराठीत, गरज पडल्यास तोंडी होईल. आमच्या तिघा शिक्षकांनी मिळून त्या २५ प्रश्नांतले सर्वसामान्यांना लागू असलेले १६ प्रश्न मराठीत आणले आहेत, बुडालेल्या मुलावरचे दोन नवे घातले आहेत आणि मॅडमकडून ते तपासून घेतले आहेत. त्याच्या प्रती आमच्या शाळेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत; प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही शाळेने त्या मागून न्याव्यात.